तेवढीच चांदी

अकोला,
८ फेब्रुवारी १९६८

ताई, जयभीम.

माय गेल्याची तार तुला मिळाली असेल. तारेत काही लिहिता येत नाही, म्हणून बाकीचं या पत्रात लिहितो. मला पत्रं लिहायची सवय नाही. काही मागेपुढे झालं तर समजून घे.

दिवाळीपासून तिला खोकला होता. मी तिला अकोल्याला चल म्हणालो. "तुह्या त्या दोन खोल्यांत मी कुठं खोकलू?" असं म्हणून तिनं ते उडवून लावलं. मी दर शनिवारी गावी जात होतो. मागच्या शनिवारी गेलो तेव्हा ती बरी होती, निदान तसं दाखवत होती. मंगळवारी सकाळी अंगणात उन्हात बसून तूर पाखडत होती. शेजारच्या माणिकबाई सांगतात, सूप पडल्याचा आवाज आला म्हणून त्या कुंपणावरून डोकावल्या. माय भिंतीला टेकलेली होती. डोळे मिटलेले होते. तूर मांडीवर सांडली होती.

मला निरोप अकोल्याला सरकारी फार्मवर मिळाला. मी घरी पोचेपर्यंत माणिकबाईंनी पेटीतून मायचं पांढरं लुगडं काढून ठेवलं होतं. नागपूरला दीक्षेच्या वेळी नेसली होती ते. तिनं ते पुन्हा कधी नेसलं नव्हतं. घडीच्या जागी पिवळं पडलं होतं. तेच नेसवलं. त्रिशरण-पंचशील झालं. अर्धं मी म्हटलं, पुढचं इंदूनं, तुझ्या भावजयीनं.

संध्याकाळच्या पॅसेंजरपर्यंत तुझी वाट पाहिली. मग लोक म्हणाले, आता नको थांबायला.

तू का आली नाहीस हे मी विचारत नाही.

तुझा,
श्रावण


अकोला,
३ मार्च १९६८

ताई,

पहिल्या पत्राचं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलं नव्हतं. पुण्यानुमोदनाला धर्मपालभाऊजींचं कार्ड आलं. त्यात त्यांनी तुझी प्रकृती बरी नाही असं लिहिलं होतं. मी ते कार्ड सगळ्यांना दाखवलं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, पण तुझ्यापाशी लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्या मंगळवारी आपल्या गावचा एकजण बडनेऱ्याला गाडी बदलत होता. त्यानं तुला फलाटावरच्या बाकावर बसलेलं पाहिलं. पॅसेंजर आली, लोक चढले, गाडी गेली, तू उठली नाहीस. मी त्याला म्हणालो, दुसरी कोणी असेल. तो म्हणाला, "कपायावर आडवी खूण होती, विहिरीच्या काठावर पडली होती लहानपणी, थे."

म्हणजे तू अमरावतीहून निघाली होतीस. अर्ध्या वाटेपर्यंत आली होतीस. पुढे का आली नाहीस तेही मला माहीत आहे, कारण दहा वर्षांपूर्वी तू मायला बोललीस तेव्हा मी अंगणात सायकलची चेन बसवत होतो आणि दार उघडं होतं.

ते शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात. दीक्षेला वर्ष झालं होतं. तू नॉर्मल स्कूलमधलं मास्तरीण व्हायचं शिक्षण संपवून आली होतीस. गावातल्या सगळ्यांनी घरातले देव नदीत सोडले होते, आपलेही तूच टोपलीतून नेले होतेस. आणि त्या दिवशी ज्वारी काढताना तुझ्या हाताला कणगीच्या तळाशी देवीचा टाक लागला. चांदीचा, पातळ, दोन बोटांएवढा.

"माय, हे काय आहे?"

"दिसून नाई राहिलं का तुले?"

"नागपुरात हात जोडून काय म्हटलं होतं तू? आन् इथं कणगीत देव लपवला?"

"देव म्हणून नाई ठेवला व. माह्या मायनं देला होता. तिले तिच्या मायनं. पाह्य ना, कुंकू तरी लावलं का मी त्याले?"

"मंग फेक."

"मले वेळ लागते, कौसे."

"किती?"

माय सुपात ज्वारी घ्यायला लागली.

"हे घरात आहे तोवर मी या उंबरठ्यात पाय ठेवणार नाई."

दुसऱ्या दिवशी तू अमरावतीला गेलीस. शाळेत लागलीस, तिथेच लग्न केलंस. तू शब्द पाळलास. त्या मंगळवारीही पाळलास. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. त्या टाकापायी आपल्या लोकांनी काय भोगलं ते मलाही कळतं. देवळाच्या बाहेर उभं राहून नमस्कार करणारी माणसं आपण, आणि तोच देव घरात ठेवायचा, याची तुला चीड आली. मलाही आली होती. पण मी तेव्हा मायबरोबर राहात होतो, त्यामुळे माझी चीड हळूहळू कमी झाली. तुझी व्हायला संधीच मिळाली नाही.

विशाखा झाली तेव्हा भाऊजींनी कार्ड टाकलं होतं. मी ते मायला वाचून दाखवलं. ती दळत होती. जात्यावरचा हात थांबला नाही. "पोरगी झाली ना, बरं झालं," एवढंच म्हणाली. मला तेव्हा तिचा राग आला होता.

आता जे लिहिणार आहे ते ज्वारीबद्दल आहे. तुला वाटेल, याला या वेळी ज्वारी कुठून सुचली. पण मायनं तुझं नाव घेतलं ते ज्वारीमुळेच.

मी फार्मवर संकरित ज्वारीच्या कामावर आहे हे तुला ठाऊक असेल. आमच्याकडे ज्वारीच्या काही ओळी अशा आहेत की त्यांना कणीस येतं पण त्यात पराग नसतो. त्यांना आम्ही मादी म्हणतो. शेजारच्या ओळी नराच्या. वाऱ्यानं पराग येतो आणि मादीला दाणे धरतात. दोन वर्षांमागे पावसाळ्याच्या शेवटी माय अकोल्याला आली होती, तेव्हा तिला फार्म दाखवायला नेलं. बाया कणसांना कागदी पिशव्या घालत होत्या. त्या पिशव्यांना बाया टोप्या म्हणतात. केशरबाई म्हणून एक मजूर बाई आहे, ती मायला माहिती द्यायला लागली.

"ह्या ओळीतल्या बाया, आन् थ्या ओळीतले बुवे. दोघायच्याबी डोक्यावर टोपी. लगन सायेब लावून देते."

माय म्हणाली, "आन् हुंडा कोन घेते?"

"सरकार!"

बाया इतक्या हसल्या की आमचे साहेब, डॉक्टर खुशालराव, वळून पाहायला लागले. माय मात्र पदराखाली दोन कणसं घेऊन आली होती. मादीची. दिसायला भरदार म्हणून तिनं ती बियाण्याला उचलली. बियाण्याची कणसं निवडायचं काम आपल्याकडे बायांचं असतं आणि माय त्यात कुणाचं ऐकत नसे. मला तिनं सांगितलंच नाही.

पुढच्या पावसात तिनं ते बी विहिरीजवळच्या तुकड्यात पेरलं. ही ज्वारी ठेंगणी आणि लवकर फुलणारी. ती फुलली तेव्हा गावातली ज्वारी अजून पोटरीतही नव्हती, कणीस यायला अवकाश होता. हवेत पराग कुठून येणार? कणसं उभी राहिली, पण पोकळ. माणिकबाई कुंपणावरून म्हणाल्या, "भागीरथाबाई, तुह्या लेकाची सरकारी ज्वारी उभी तं पाटलासारखी हाय, आन् आंदर काईच नाई!" मायला ते लागलं. मी शनिवारी गेलो तर तिनं ते कणीस माझ्यापुढे टाकलं.

"हे काय शिकवते तुमाले तिथं?"

मी तिला समजावून सांगितलं. पराग नसण्याचा हा गुण आईकडूनच येतो, बापाकडून येत नाही. आम्ही त्या मादीवर दर पिढीला एकाच नराचा पराग टाकतो. सात-आठ पिढ्यांनी ते झाड उंचीनं, पानानं, दाण्यानं, सगळं बापासारखं होतं. जुन्या आईचं म्हणून ओळखू येईल असं काही राहात नाही. पण पराग तरीही येत नाही. ते एक आईचं राहूनच जातं. कारण बापाकडून येतो तो पेशीच्या मधल्या केंद्राचा भाग, आणि हा गुण असतो केंद्राच्या बाहेर, जे द्रव्य बीजांडातून, म्हणजे आईकडूनच मिळतं त्यात.

मायनं कणीस उचलून घेतलं आणि बोटानं चोळत बसली.

"हे असं ज्वारीतच हाय, का माणसातबी हाय?"

मी सांगितलं, गुण वेगळा, पण आईकडून येणारं ते द्रव्य माणसातही आहे, असं साहेबांचं मत आहे.

"म्हणजे माह्या मायचं माह्यात हाय."

"आहे."

"तुह्यात?"

"आहे."

"तुह्या पोट्ट्यायत?"

"नाही. त्यांच्यात इंदूचं. इंदूच्या आईचं."

मायला हे आवडलं नसावं. तिनं कणीस खाली ठेवलं. मग तिनं विचारलं, "आन् कौसीत?"

इतक्या वर्षांत तिनं तुझं नाव घेतलं नव्हतं. मी म्हणालो, "आहे."

"तिच्या पोरीत?"

"आहे. आणि तिला मुलगी झाली तर तिच्यातही."

"बरं," माय म्हणाली आणि चूल पेटवायला उठली.

मला एवढंच सांगायचं होतं. माझ्याकडे मायचं आहे ते माझ्यापाशी संपेल. मला त्याचं दुःख नाही, दोन मुलगे आहेत, त्यांच्यात बाकीचं पुष्कळ येईल. पण ज्याच्याबद्दल तिनं विचारलं ते पुढे जाईल तर तुमच्याकडूनच.

परवा खुशालराव साहेबांशी याच विषयावर बोलणं झालं. त्यांच्याकडे इंग्रजी नियतकालिकं येतात. पेशीच्या आत, केंद्राबाहेर, मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक कण असतात. आपण श्वास घेतो त्याचा उपयोग तिथे होतो. या कणांमध्ये त्यांचा स्वतःचा डीएनए आहे, म्हणजे वारशाचा स्वतःचा वेगळा धागा आहे, असं चार-पाच वर्षांपूर्वी सापडलं. ज्वारीचा तो हट्टी गुण बहुधा तिथेच असावा असा साहेबांचा तर्क आहे. सिद्ध झालेलं नाही.

मी म्हणालो, "म्हणजे हा धागा आहे तसाच राहतो. बदलतच नाही."

साहेब म्हणाले, "असं कोण म्हणतं? प्रत्येक पिढीत त्याची नक्कल होते. नक्कल करताना कुठेतरी चूक राहतेच. ती चूक पुढे जाते. हाच बदल."

त्यांनी सांगितलं की श्वसनाचं एक प्रथिन लोकांनी वेगवेगळ्या प्राण्यांतून काढून ताडून पाहिलं आहे. माणूस आणि माकड यांच्यात नावापुरता फरक, घोड्यात थोडा जास्त, पाव फुगवतात त्या यीस्टमध्ये पुष्कळ. त्यावरून काहीजण म्हणतात, हे एक घड्याळच आहे, फरक मोजा आणि वेगळे होऊन किती काळ झाला ते सांगा.

"पण घड्याळ सगळ्यांकडे सारखंच चालतं हे त्यांनी गृहीत धरलंय," साहेब म्हणाले. "एक प्रथिन भराभर बदलतं, दुसरं लाखो वर्षं जागचं हलत नाही, हे तर दिसतंच आहे. मग ह्या कणांतला धागा उंदरात आणि ज्वारीत एकाच चालीनं का बदलावा? उद्या कुणी मोजलं आणि जनावरात भरभर, झाडात अगदी सावकाश असं निघालं, तर मला नवल वाटणार नाही."

"सावकाश म्हणजे आम्हाला तर थांबलेलंच दिसतं, साहेब."

"तुम्ही किती वर्षं पाहताय? सावकाश म्हणजे थांबलेलं नव्हे, श्रावणराव."

मी पुढे वाद घातला नाही. साहेब ज्वारीबद्दल बोलत होते. माझ्या डोक्यात माय होती.

श्रावण


मूर्तिजापूर,
२१ एप्रिल १९६८

ताई,

हे पत्र स्टेशनवर बसून लिहितो आहे. घरी जाऊन लिहीन म्हटलं तर धीर निघाला नसता.

मी मागच्या महिन्यात एक ठरवलं होतं. तुला न सांगता टाक शोधायचा, नदीत सोडायचा आणि मग तुला कळवायचं की आता घरात काही नाही, तू ये. माय असताना मी हे केलं नसतं. ती गेल्यावर तिचा हक्क संपला असं मला वाटलं, हे बरोबर की चूक मला माहीत नाही.

मी आणि इंदूनं सगळं घर पाहिलं. कणगी पूर्ण रिकामी करून अंगणात ज्वारी ओतली. चुलीमागचा कोनाडा, शिंकं, मायची पेटी, उशीची खोळ, कौलाच्या खालच्या फटीसुद्धा पाहिल्या. टाक नव्हता. मला वाटलं, तिनं कुणाला ठेवायला दिला असेल. माणिकबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "मले काहून इचारता? माह्याजवळ कोनाचा देव ठेवाले जागा हाय?" आणि तोंड फिरवून आत गेल्या. त्यांना काहीतरी ठाऊक आहे हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

आज बाजाराचा दिवस. कुदळीला दांडा घ्यायला आलो होतो. नत्थुजी सोनारांच्या दुकानावरून जाताना त्यांनी हाक मारली. तुला आठवत असतील. तुझे कान त्यांनीच टोचले होते.

"श्रावणभाऊ, तुमची माय गेली समजलं. बसा. तिची वस्तू हाय माह्याजवळ, घेऊन जा."

मी म्हणालो, "कोणती वस्तू?"

त्यांनी गल्ल्याच्या मागून एक पत्र्याची डबी काढली. डबीत कापसावर पायातल्या दोन साखळ्या होत्या. चांदीच्या, इतक्या बारीक की उचलताना भीती वाटावी.

"दिवाईत वाढवाले देऊन गेली होती. म्हणे, पोट्टी आता आठाची होईल."

"कोण पोट्टी?"

नत्थुजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच लाज वाटली.

"तुमच्या बहिनीची. दुसरी कोन?"

मग त्यांनी सांगितलं ते सांगतो.

विशाखा झाल्याचं कार्ड आलं त्याच्या पुढच्याच बाजाराला माय त्यांच्याकडे गेली. पदरातून टाक काढला आणि समोर ठेवला. म्हणाली, "हे आटव. वाळे कर. लहान लेकराचे." नत्थुजी जुने गृहस्थ, त्यांना हे बरं वाटलं नाही. "भागीरथाबाई, देवीचा टाक हाय, असं आटवत नाई." माय म्हणाली, "मंग तुह्या घरी ठेव आन् मले तेवढी चांदी दे." नत्थुजींनी निमूट आटवला. भट्टीत टाकला तेव्हा माय पाहात बसली होती. त्यांनी मला हातानं करून दाखवलं, अशी गुडघे पोटाशी घेऊन.

वाळे तयार झाले. माय घेऊन गेली. वर्षा-दीड वर्षानं पुन्हा आली. वाळे तसेच, न घातलेले. म्हणाली, "लहान झाले. मोठे कर." मापासाठी तिनं दोऱ्याला गाठ मारून आणली होती. माणिकबाईंची धाकटी मुलगी विशाखाच्याच वयाची आहे, तिच्या पायाला दोरा गुंडाळून माप घ्यायची. तेव्हा कळलं, माणिकबाई तोंड फिरवून आत का गेल्या.

असं दर दीड-दोन वर्षांनी. वाळ्यांची कडी झाली, कड्यांच्या साखळ्या झाल्या. दर वेळी दोरा लांब.

नत्थुजी म्हणाले, "मी म्हटलं, बाई, तार लय बारीक होऊन राहिली. थोडी चांदी टाकू का वरून? मी पैसे नाई मागत. तं म्हणे, नाई. दुसरी चांदी नको. तेवढीच पाह्यजे."

मी विचारलं, "मग तिनं पाठवून का नाही दिल्या? अमरावती काय लांब आहे?"

"मीबी तेच इचारलं. म्हणे, पोस्टानं धाडली तं थे नुसती चांदी व्हते. तिले घरी येऊ दे. थे येईन, तं पयले कणगीत हात घालीन. मले माहीत हाय माही लेक. हाताले काई लागणार नाई, मंग तिले आपोआप समजन."

"आणि ती आलीच नाही तर?"

नत्थुजींनी डबीचं झाकण लावलं. "हेबी इचारलं. हसली. म्हणे, तिले घाई हाय, मले उशीर लागते. पन आमी दोघीबी एकाच गावाले चाललो, नत्थुजी. भेटू."

ताई, टाक घरात नाही. विशाखा झाल्यापासून नाही. त्यानंतर तू कधीही येऊ शकली असतीस, आणि त्या मंगळवारी बडनेऱ्याच्या बाकावरून उठूही शकली असतीस. हे तुला लागावं म्हणून मी लिहीत नाही. मलाही माहीत नव्हतं. मी दर शनिवारी त्या घरात जेवत होतो आणि मला माहीत नव्हतं. तिनं आपल्या दोघांनाही सांगितलं नाही. तिला जिथे पोचायचं होतं तिथे ती पोचली होती आणि तुझी वाट पाहात होती.

बुद्धपौर्णिमा बारा मेला आहे. त्यानंतर मी घराला कुलूप लावणार आहे, रोज येणं जमत नाही. तोपर्यंत लावणार नाही. साखळ्या पोस्टानं पाठवत नाही. मायनं पाठवल्या नाहीत, मीही पाठवणार नाही.

गाडीची घंटा झाली.

श्रावण


अकोला,
२ जून १९६८

ताई,

तुझं पाकीट काल मिळालं. इंदूनं विचारलं, कुणाचं पत्र, तर मी एकदम सांगूच शकलो नाही. तुझं अक्षर अजून तसंच आहे, फळ्यावर लिहिल्यासारखं.

तुम्ही गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होतो. बुद्धपौर्णिमेला तू दारात आलीस, चप्पल काढलीस आणि कुणाशी न बोलता सरळ कणगीपाशी गेलीस. कोपरापर्यंत हात घातलास. आम्ही सगळे उभे होतो. तू हात बराच वेळ आतच ठेवलास. तू मूठभर ज्वारी काढून पदरात बांधलीस. ती कशाला घेतलीस हे मी विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. पेरायची असेल तर चांगली आहे, ती आपली गावची आहे, माझ्या फार्मवरची नाही.

विशाखाच्या पायात साखळ्या घालताना शेवटच्या कडीत कशाबशा बसल्या. माणिकबाईंनी आपली मुलगी शेजारी उभी केली आणि म्हणाल्या, "माही पोरगी बारीक हाय, माप माह्याच पोरीचं घेतलं म्हणून कमी पडलं." मग विशाखाच्या पायाकडे पाहून म्हणाल्या, "हे तं भागीरथाबाईचे पाय हायेत, फताडे." विशाखाला राग आला. तू हसलीस. त्या दिवशी तू तेवढी एकदाच हसलीस.

तुझ्या पत्राप्रमाणे साखळी परतीच्या वाटेवर बडनेऱ्यालाच तुटली. विशाखा फलाटावर पळत होती म्हणतेस. तू तिला रागावू नकोस. तार तेवढी बारीक आहे, ती कधीतरी तुटणारच होती. तू साखळी कापसात गुंडाळून पाठवलीस, ती नीट पोचली. सोबत लिहिलंस, "जोडून ठेव. दुसरी चांदी घालू देऊ नकोस."

आज सकाळी मी मूर्तिजापूरला जाऊन आलो. नत्थुजींना तुझा निरोप जसाच्या तसा सांगितला. त्यांनी चष्मा लावला, साखळी उन्हात धरली आणि हसायला लागले.

"मायलेकी सारख्याच. भाऊ, नुसत्या चांदीले चांदी कशी जुळन? झाळून डाग द्या लागते. डागात दुसरी धातू थोडी येतेच."

मी म्हणालो, "मग मायच्या वेळी काय करत होता?"

"तेच करत होतो. वाळे केले तवा, कडे केले तवा, साखळ्या केल्या तवा. दर खेपेले राईएवढी. तिले सांगितलं नाई. सांगितलं असतं तं दुकानात बसून भांडली असती."

मग मलाही हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. मायनं शेवटपर्यंत तेवढीच चांदी म्हणून जपली, आणि ती तेवढीच नव्हती. दर वेळी राईएवढी निराळी होत आली होती, तिला न कळता. तरी मी ती हातात घेतली तेव्हा मला ती मायचीच वाटली. तुलाही वाटली होती, मी पाहात होतो.

मी नत्थुजींना म्हणालो, "द्या डाग."

तुझी परवानगी घ्यायला थांबलो नाही. आता तू भांडणार असशील तर समोरासमोर भांड. शनिवारी सकाळच्या गाडीनं मी अमरावतीला येतो आहे, साखळी घेऊन. इंदू आणि मुलंही येतील म्हणतात. जोडलेली जागा डोळ्यांना दिसत नाही, बोट फिरवलं तर लागते. विशाखाला दाखवीन.

श्रावण